खाडीत रात्री जिताड्याला जायचंय? होडीवर लाइट कुठला लावायचा ते आधी बघा

मागच्या दोन-तीन महिन्यांत ओळखीतल्या चौघांनी मला फोनवर तोच फोटो दाखवला, पाण्यात सोडायचा तो हिरवा एलईडी, लांब नळीसारखा असतो तो, आणि विचारलं की हा घेतला तर जिताडा, म्हणजे खाडीतला तो मोठा शिकारी मासा, येईल का. चौघांनाही सांगितलं की घेऊ नका. पण नुसतं घेऊ नका म्हणून भागत नाही, मग काय घ्यायचं ते पण सांगायला पायजे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

मी राहतो कोपरखैरण्याला, आणि दिवाळे गावातल्या एका काकांच्या होडीतून जातो, फायबरची साधारण वीस फुटी होडी आहे, मागे छोटं मशीन. काकांचं आयुष्य खाडीत गेलंय आणि त्यांचं एकच म्हणणं मला पटायला दोन वर्षं लागली, की होडीवरचा उजेड माणसासाठी असतो, माशासाठी नाही, पाणी काळं राहिलं पायजे. खाली जे काही लिहिलंय ते सगळं ह्या एका गोष्टीवरच उभं आहे.

आता तो हिरवा लाइट का नको. त्याच्यामागचं शास्त्र खरं आहे, खोटं नाही. उजेड दिसला की पाण्यातले बारीक जीव तिकडे जमतात, त्यांना खायला बारकी मासळी येते, तिच्या मागे मोठी. आणि रंगाचं म्हणाल तर लाल उजेड पाण्यात सगळ्यात आधी मरतो, समुद्राच्या निवळ पाण्यात निळा सगळ्यात खोल जातो, आणि जिथे पाणी गढूळ आहे, त्यात कुजलेल्या पानांचा रंग उतरलाय तिथे हिरवा-पिवळा त्यातल्या त्यात पुढे जातो. म्हणून ते लाइट हिरवे असतात. पण आपली ठाण्याची खाडी म्हणजे चिखल, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कोपरापर्यंत हात पाण्यात घाला, बोटं दिसत नाहीत. असल्या पाण्यात उजेड पुढे जात नाही, चिखलाच्या कणांवर आपटून माघारी येतो, होडीभोवती एक हिरवा ढग तयार होतो आणि त्या ढगाच्या मधोमध आपण बसलेले. मी एकदा मित्राचा लाइट आणून दोन रात्री लावून बघितला. बोई आली, शिंगाळे आले, ही बाकीची मासळी, पण जिताडा नाही.

कारण जिताडा दबा धरून बसणारा मासा आहे. खाजणाच्या (भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीच्या) तोंडाशी, उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) खाली, पडलेल्या तिवराच्या मागे अंधारात थांबतो आणि सुकतीच्या पाण्याबरोबर बोई-कोळंबी बाहेर आली की तोंड उघडून ओढून घेतो. उजेडाच्या मधे तो येत नाही, उजेड जिथे संपतो त्या कडेच्या अंधाऱ्या बाजूला राहतो. वाशीच्या पुलाखाली दिव्यांचा उजेड पाण्यावर पडतो आणि पुलाची सावली त्याला कापते, ती जी रेघ दिसते ना, मोठा मासा त्या रेघेच्या आतल्या बाजूला असतो. (रेघ लांबूनच बघा, खांबांपाशी सुकतीला पाण्याला फार ओढ असते, होडी तिथे नेऊ नका.) म्हणजे उजेडाची कड हवीच असेल तर शहराने ती फुकट दिलेली आहे, आपण नवीन तयार करायची गरज नाही.

दुसरं म्हणजे कायदा. केंद्र सरकारने २०१७ साली एलईडी लावून मासे गोळा करण्यावर बंदी आणली, आणि राज्यातही ती मासेमारी बेकायदा आहे, महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा २०२१ मधे आणखी कडक झाला. ही बंदी आली ती मोठ्या बोटींमुळे, हजारो वॅटचे दिवे लावून पिल्लांसकट सगळं उपसून नेतात आणि छोट्या कोळ्याच्या जाळ्यात काही उरत नाही. दिवाळ्यात, सारसोळ्यात कुठल्याही घरी बसा, ह्या विषयावर लोक किती तळमळून बोलतात ते कळेल. त्याच लोकांच्या खाडीत आपण रॉड घेऊन जायचं आणि पाण्यात एलईडी सोडायचा हे मला तरी बरोबर वाटत नाही, लाइट कितीही छोटा असो.

तर मग लाइट लागतो कशाला? आधी दुसऱ्या होडीला आपण दिसावं म्हणून, मग आपल्या हातातलं काम दिसावं म्हणून. बाकीचं सगळं त्याच्यानंतर, आणि पैसे पण ह्याच क्रमाने घाला.

दिसण्याचं आधी घेतो कारण लोक नेमके इथेच पैसे वाचवतात. समुद्रावरच्या दिव्यांचे नियम जगभर एकच आहेत, १९७२ चे. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा, आणि सगळीकडून दिसणारा एक पांढरा. होडी सात मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २३ फुटांपेक्षा लहान असेल आणि तिचा जास्तीत जास्त वेग सात नॉटच्या वर जात नसेल, म्हणजे तासाला तेरा किलोमीटर, तर एकटा पांढरा चालतो, पण जमत असेल तर लाल-हिरवा पण लावा असं नियमच म्हणतो. वल्ह्याची होडी असेल तर निदान टॉर्च हाताशी पायजे, समोरून कोणी येतंय दिसलं की वेळेत दाखवायला. १२ मीटरच्या आतल्या होडीचा पांढरा दिवा दोन मैलांवरून दिसला पायजे आणि लाल-हिरवे एक मैलावरून (मैल म्हणजे सागरी मैल, १८५२ मीटर). लाइट घेताना खोक्यावर हे मैल लिहिलेत का बघा, लिहिले नसतील तर ती नुसती शोभेची वस्तू आहे.

आणि आता परत तो हिरवा लाइट आठवा. होडीखाली हिरवा उजेड पसरलाय, लांबून येणाऱ्या बार्जवाल्याला काय दिसणार? त्याला वाटणार होडीची उजवी बाजू माझ्याकडे आहे. तुम्ही भलतीकडेच तोंड करून बसलेले असाल. जे दिवे नियमातल्या दिव्यांसारखे भासतील ते लावायचेच नाहीत असं त्याच नियमांमधे लिहिलंय. होडीच्या बाहेरच्या बाजूला शोभेच्या रंगीत पट्ट्या, त्या रिक्षांना लावतात तशा, त्या पण ह्याच कारणासाठी नकोत.

पांढरा दिवा कुठे लावायचा ह्याला फार महत्त्व आहे. बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला लावलात तर रात्रभर आपलाच दिवा आपल्याला आंधळा करणार. मागच्या बाजूला एक पाइप उभा करा, आपण उभे राहिलो तरी डोक्याच्या वर जाईल इतका, लाल-हिरव्यापेक्षा निदान एक मीटर वर. आणि दिव्याच्या खाली एक काळी चकती बसवा, काकांनी प्लास्टिकच्या बादलीचं झाकण कापून काळा रंग मारलाय, म्हणजे उजेड चहूकडे लांब जातो पण खाली होडीत आणि होडीलगतच्या पाण्यावर पडत नाही. लागलेला खर्च शून्य आणि फरक एवढा की विश्वास बसणार नाही.

आता हाताचं काम. गाठ मारणं, गरी काढणं, कोळंबी लावणं. ह्याला डोक्यावरचा टॉर्चच पायजे, आणि इथे लोकांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघून घेतात, हजार लुमेन, दोन हजार लुमेन. हातभर अंतरावरच्या गाठीला वीस-तीस लुमेन पुरतात हो. बघायचं ते हे की सगळ्यात कमी सेटिंग किती कमी होतं, आणि लाल लाइटला वेगळं बटण आहे का, म्हणजे चालू करताना आधी पांढरा भपकन लागून मग लाल येतो असं नको. माझ्या पहिल्या टॉर्चला तेच होतं. करावेच्या बाजूला एका खाजणाच्या तोंडाशी नांगर टाकून बसलो होतो, सुकती मस्त चालू होती, आणि गाठ मारायला मी बटण दाबलं तर पांढरा झोत थेट पाण्यावर. आजूबाजूची बोई ताडताड उड्या मारायला लागली, एक होडीत येऊन पडली. काका काही बोलले नाहीत, त्यांनी दोर गुंडाळायला घेतला. त्या जागी पुढे तासभर एक चावा नाही.

लाल का, तर डोळ्यांसाठी. अंधाराला आपले डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ते सगळं जातं, परत पहिल्यापासून. मंद लाल उजेडाने त्या मानाने फार कमी बिघडतं. डोळे सरावले की नुसत्या नवी मुंबईच्या आकाशातल्या उजेडावर तिवरांची कड, पाण्यावरची घोळी, दुसरी होडी सगळं दिसतं, लाइटची आठवणसुद्धा येत नाही. मंद हा शब्द मात्र लक्षात ठेवा, लाल पण झगझगीत लावला तर काही उपयोग नाही.

पण लाल सगळीकडे चालत नाही हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. लाल उजेडात रक्त दिसत नाही. जिताड्याच्या गालफडाची कड पातीसारखी असते, एक काटा पण असतो, हात चिरला तरी लाल उजेडात कळत नाही किती चिरलाय. शिंगाळ्याच्या काट्याचं तर बोलायलाच नको, लागला की ठणका लागतो. म्हणून मासा होडीत आला की पांढरा लावा, कमी सेटिंगला, मान खाली घालून, उजेड होडीच्या तळात राहील असा. मासा अजून पाण्यात असताना त्याच्या तोंडावर झोत टाकू नका, शेवटची उडी तेव्हाच मारतो आणि दोरा तिथेच तुटतो. हातजाळी पाण्यात आधीच धरून ठेवायची आणि नुसत्या लाल उजेडावर, नाहीतर आवाजाच्या अंदाजाने आत घ्यायचा. सवयीने जमतं.

(मोठा जिताडा मिळाला तर एक विनंती. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे ते जे खरे मोठे असतात त्या जवळजवळ सगळ्या माद्या. फोटो काढा, फ्लॅश मारायचा तर एकदाच, आणि पाण्यात सोडता आला तर सोडा.)

होडीच्या आत तळाला एक पट्टी लावली तर सोयीचं होतं, पाय कुठे पडतो, गरी कुठे पडली ते दिसतं. पिवळसर नाहीतर लाल घ्या, पांढरी-निळसर नको, तिच्यावर चिलटं आणि किडे तुटून पडतात आणि खाडीत ते काय असतं ते गेलेल्याला माहीत आहे. पट्टी काठाच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेच्या खाली दडवून लावायची, दिवा डोळ्याला दिसता कामा नये, फक्त त्याचा उजेड तळाला दिसला पायजे.

जाता-येता वापरायला एक हातातला मोठा टॉर्च ठेवा, लांब झोत जाणारा. हा सतत लावायचा नसतो, काठी, जाळ्याचे बोये, चिखलाचा उंचवटा बघायला दोन सेकंद लावायचा आणि बंद. नाळेवर बसलेल्याच्या हातात द्या, मागून मारला तर उजेड आपल्याच होडीवर आपटतो आणि पुढचं काही दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खाडीवर धुकं धरतं तेव्हा तर डोक्यावरचा टॉर्च म्हणजे डोळ्यांपुढे पांढरी भिंत, तेव्हा टॉर्च खाली कमरेजवळ धरा. आणि समोरच्या होडीवाल्याच्या तोंडावर झोत मारू नका, तो जाळं ओढत असतो.

दोऱ्याचं थोडक्यात. अमेरिकेत लोक रात्री तळ्यांमधे होडीतून बास नावाचा मासा धरतात, ते होडीच्या कडेला यूव्हीचा जांभळा लाइट लावतात, त्याने चमकणारा नायलॉनचा दोरा दोरखंडासारखा उठून दिसतो आणि दोरा जरा जरी हलला तरी कळतं. आपल्याकडे काही जण आता तेच आणतायत. ल्युअर, म्हणजे माशाच्या आकाराचं खोटं आमिष, मारत असाल तर मला त्याची गरज वाटत नाही, जिताड्याचा फटका मनगटाला कळतो, बघावा लागत नाही. आमिष लावून बसायचं असेल तर रॉडच्या टोकाला ती छोटी चमकणारी कांडी लावा, केमिकलची एका रात्रीपुरती नाहीतर बारक्या सेलवाली, एवढ्यात काम होतं. तरी यूव्ही घ्यायचाच असेल तर दोरा चमकणारा आहे का ते आधी दुकानातच लावून बघा, फ्लुरोकार्बनचा चमकत नाही. अंधारात चमकणारे ल्युअर टॉर्चच्या उजेडावर तापवायचे, म्हणजे त्यांच्यात चमक भरून घ्यायची असेल, तर पिशवीत घालून तापवा, उजेड पाण्यावर पडत नाही. मी स्वतः रात्री काळा ल्युअर वापरतो, खालून वर बघणाऱ्या माशाला आकाशासमोर काळी आकृती जास्त ठळक दिसते.

लाइट किती लागणार हे खरं तर तिथीवर आहे. आपल्याकडची जुनी रीत आहे ना, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा, अंदाजे, आणि खाडीत आत जाल तसं आणखी मागे. दशमीला संध्याकाळी साडेसातला भरती भरली की सुकती सुरू होते ती पार दीडपर्यंत, म्हणजे अंधार आणि सुकती बरोबर. त्यातही शुद्ध दशमीला चंद्र दोनपर्यंत वर असतो, लाल पट्टीसुद्धा लावावी लागत नाही, आणि वद्य दशमीला चंद्र उगवतोच दोनच्या सुमाराला, तेव्हा सगळी तयारी पायजे. नवीन असाल तर पहिल्यांदा शुद्ध पक्षातच जा.

बॅटरीचा हिशोब. बारा व्होल्ट सात अँपिअर-तासाची यूपीएसवाली बॅटरी सगळीकडे मिळते, तिच्यात ८४ वॅट-तास असतात पण शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये म्हणून धरा ४२. पांढरा दिवा दोन वॅट, लाल-हिरवा मिळून दोन, आतली पट्टी दोन, झाले सहा वॅट, म्हणजे सात तास, रात्र निघते. हेच कोणी गाडीचा जुना हॅलोजन ५५ वॅटचा लावला तर पाऊण तासात खेळ खलास. लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतलीत तर वजन निम्म्याहून कमी आणि ऐंशी टक्के वापरता येते, महाग पडते पण पैसे असतील तर तीच घ्या. पॉवर बँकवर पट्टी चालवू नका, भार कमी पडला की बऱ्याच पॉवर बँक आपोआप बंद होतात, आणि होतात त्या नेमक्या नको त्या वेळी.

वायर कल्हईची, म्हणजे आतून चंदेरी दिसते ती, साधी तांब्याची खाऱ्या हवेत सहा महिन्यांत आतून हिरवी-काळी पडते. मुंबईत लोहार चाळीत विचारा. फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून एका वितीच्या आत, पाच अँपिअरचा. जोडावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवा, इन्सुलेशन टेपवर भरवसा ठेवू नका. लाइटवर आयपी ६७ लिहिलेलं असलं तर तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला पायजे, पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते, खाऱ्या नाही. मी ऑनलाइन आयपी ६८ म्हणून घेतलेल्या एका दिव्यात दुसऱ्याच फेरीला पाणी शिरलं, तेव्हापासून नवीन दिवा घरी आणला की मिठाच्या पाण्याच्या बादलीत रात्रभर चालू करून ठेवतो, सकाळी काचेच्या आत वाफ दिसली की परत करतो. स्वस्त एलईडी रेडिओत खरखर आणतात हे पण बघा, होडीवर व्हीएचएफ (बोटींवरचा बोलायचा रेडिओ) असेल तर दिवे चालू करून ऐका.

जागेबद्दल दोन गोष्टी. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मधे खाडी रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत) गेली, तिथे रात्री लाइट घेऊन घुसायचं नाही, पक्षी चिखलावर बसलेले असतात आणि झोताने सगळा थवा उठतो. आणि ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राच्या काठाला तर जवळपासही जाऊ नका, तिथली सुरक्षा काय असते ते सांगायला नको. एकट्याने नवीन होडी घेऊन जाण्यापेक्षा गावातल्या एखाद्या काकांच्या, दादांच्या नोंदणी असलेल्या होडीतून जा, त्यांना रीतसर भाडं द्या, खाडी त्यांना पाठ असते. जॅकेटवर चमकणारी पट्टी, शिट्टी, प्रत्येकाच्या खिशात एक बारका टॉर्च वेगळा. फोनमधे १५५४ तटरक्षक दल आणि १०९३ सागरी पोलीस हे नंबर घालून ठेवा, आणि घरी कोणाला तरी परतायची वेळ सांगून निघा.

घरी आलात की झोपायच्या आधी दिवे गोड्या पाण्याने धुवा, नुसतं पुसून चालत नाही, मीठ पुसल्याने जात नाही. जोडांना सिलिकॉन ग्रीस लावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते तेव्हा दिवे आणि बॅटरी काढून घरी आणा, शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्याने परत चार्ज करायची, लिथियमची अर्धी भरून ठेवायची. मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळं जोडून एका रात्री गच्चीत लावून बघा, आणि पांढऱ्या दिव्याच्या खालची चकती हलली नाहीये ना तेवढं जमिनीवर बसून वर बघून तपासा.